चारित्र्याचा कागद

गावात पोलीस कोणाच्या दारात आला की त्याची बातमी व्हायला वेळ लागत नाही. शेजारची मंडळी ओट्यावर येतात, समोरचा दुकानदार वजन करता करता हात आखडता घेतो आणि जाणारायेणारा उगीचच रेंगाळतो. 'काय झालं?' असे तोंडाने कोणी विचारत नाही, पण तो प्रश्न सगळ्यांच्या चेहऱ्यावर असतो. पोलीस चांगल्या कामासाठी घरी येत नाही, ही आपल्याकडची पिढ्यान् पिढ्यांची समजूत आहे आणि ती अगदीच निराधार आहे असेही नाही. पण आता अनेक घरांत पोलीस येतो तो घरातल्या मुलाचे किंवा मुलीचे परदेशात भले होऊ घातले आहे म्हणून. आखातात वेल्डिंगचे काम करणाऱ्या मुलाला दुसऱ्या देशात जास्त पगाराची नोकरी मिळालेली असते. परिचारिका झालेल्या लेकीला इंग्लंडमधल्या रुग्णालयाने बोलावलेले असते. कोणाचा कॅनडात कायमच्या वास्तव्याचा अर्ज शेवटच्या टप्प्यावर आलेला असतो. त्या सगळ्यांना एक कागद हवा असतो. त्याचे इंग्रजी नाव पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट. बोलताना सगळे त्याला 'पीसीसी' म्हणतात आणि घरातली वडील माणसे 'चारित्र्याचा दाखला' म्हणतात.

या माणसाच्या नावावर आमच्याकडे काही वावगे नाही, एवढेच हा कागद सांगतो. तेवढ्या एका वाक्यासाठी परदेशात असलेल्या माणसाची आणि गावाकडे असलेल्या त्याच्या आईबापांची जी ओढाताण होते, ती पाहिली म्हणजे या साध्या वाटणाऱ्या कागदाकडे जरा निरखून पाहावेसे वाटते.

शहापूर तालुक्यातल्या खर्डीचेच उदाहरण घेऊ. मध्य रेल्वेच्या कल्याण-कसारा मार्गावरचे हे गाव. मुंबईला पाणी देणारी तानसा आणि भातसा ही धरणे याच तालुक्यातली. इथले पाणी रोज बिनादाखल्याचे मुंबईला जाते. माणसेही जातात, पूर्वी गिरण्यांत जात होती, आता कारखान्यांत, गोदामांत आणि कार्यालयांत जातात. त्यांतलीच काही मुले पुढे समुद्रापलीकडे पोचतात. समजा, असाच एक मुलगा आयटीआय करून कतारला गेला. चार वर्षे त्याने तिथे मान मोडून काम केले आणि आता त्याला न्यूझीलंडमधल्या एका कंपनीने नोकरी देऊ केली. कंपनीने कागदपत्रांची यादी पाठवली. त्यात शिक्षणाचे दाखले होते, अनुभवाची पत्रे होती, वैद्यकीय तपासणी होती आणि पोलिसांचे दोन दाखले होते. एक कतारचा आणि एक भारताचा.

मुलगा गावात असता तर काम तुलनेने सोपे होते. पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर अर्ज भरायचा, ५०० रुपये शुल्क भरायचे आणि ठरलेल्या दिवशी ठाण्याच्या वागळे इस्टेटीतल्या पासपोर्ट सेवा केंद्रात स्वतः हजर राहायचे. खर्डीहून लोकलने दीड-पावणेदोन तास आणि पुढे रिक्षा. २८ सप्टेंबर २०२२ पासून टपाल कार्यालयांतल्या पासपोर्ट सेवा केंद्रांतही या दाखल्यासाठी अर्ज करता येतो, ही चांगली सोय झाली आहे. पण मुलाच्या वतीने आईने किंवा भावाने केंद्रात जाऊन अर्ज द्यावा, असे चालत नाही. परदेशात असलेल्याने तिथल्या भारतीय वकिलातीकडेच अर्ज करायचा असतो. वकिलात तो भारताकडे धाडते, पासपोर्ट कार्यालयाकडून तो ठाणे ग्रामीण पोलिसांकडे येतो, अधीक्षक कार्यालयातून स्थानिक पोलीस ठाण्यात येतो आणि तिथून एक हवालदार पत्ता शोधत घरापर्यंत येतो. अहवाल मग याच वाटेने परत जायचा. संगणक आल्यामुळे दोह्याहून ठाण्याला यायला आता अर्जाला वेळ लागत नाही. वेळ लागतो तो ठाण्याहून घराच्या उंबऱ्यापर्यंत यायला.

आणि खरी गोम आहे ती त्या उंबऱ्यातच. ही पडताळणी चारित्र्याची म्हणून ओळखली जात असली तरी बहुतेक प्रकरणे अडकतात ती पत्त्यावर. पासपोर्टवर पत्ता असतो गावातल्या जुन्या घराचा. मुलगा परदेशी गेल्यावर आईवडील थोरल्या भावाकडे बदलापूरला किंवा टिटवाळ्याला राहायला गेलेले असतात. हवालदार येतो, दाराला कुलूप पाहतो आणि 'दिलेल्या पत्त्यावर आढळून आला नाही' असा शेरा लिहितो. तो खोटे लिहीत नाही. ज्याने परदेशातून अर्ज केला आहे तो गावातल्या घरी आढळणार नाही, हे उघड आहे. पण हा शेरा वर गेला की दोह्यात बसलेल्या मुलाला एवढेच कळते की आपला अहवाल 'प्रतिकूल' आला. आपण काय गुन्हा केला, या विचाराने त्याची झोप उडते.

त्यात नावांचे घोळ. शाळेच्या दाखल्यावर बाळाराम, आधारवर बाळू, पासपोर्टवर वडिलांच्या नावाचे स्पेलिंग तिसरेच. गावाच्या नावाचेही तसेच. इंग्रजीत लिहिताना 'ए' हे एक अक्षर जास्त पडले की शहापूरच्या खर्डीचे पुण्याजवळचे खराडी होते. खर्डी नावाचे गाव पंढरपूर तालुक्यातही आहे. पिनकोड आणि तालुका नीट लिहिला नसेल तर कागद कोणत्या खर्डीला जाऊन बसेल याचा नेम नाही. शिवाय ठाणे जिल्हा महसुलाला एक असला तरी पोलिसांच्या हिशेबाने त्याचे तुकडे आहेत. कल्याणचा पत्ता असेल तर ठाणे शहर पोलीस आयुक्तालय, शहापूर-मुरबाडचा असेल तर ठाणे ग्रामीणचे अधीक्षक. पालघर तर १ ऑगस्ट २०१४ पासून वेगळा जिल्हाच झाला, पण त्याआधीच्या पासपोर्टांवर तिथल्या गावांपुढे 'जिल्हा ठाणे' असेच छापलेले आहे. हद्दी सरकार बदलते आणि खुलासा मात्र अर्जदाराने द्यायचा असतो.

आणखी एक घोटाळा दाखल्यांच्या नावांमुळे होतो. पोलीस अधीक्षकांच्या किंवा आयुक्तांच्या कार्यालयातूनही चारित्र्य पडताळणीचा दाखला मिळतो. सुरक्षारक्षकाची नोकरी, खासगी कंपनी अशा देशांतल्या कामांना तो लागतो. परदेशी व्हिसासाठी बहुतेक देश मागतात तो पासपोर्ट कार्यालयाचा किंवा वकिलातीचा. गावाकडचा एखादा हौशी मामा धावपळ करून पहिला दाखला मिळवतो, कुरिअरने पाठवतो आणि तो तिथे चालत नाही असे कळल्यावर हातातले तीन आठवडे गेलेले असतात. हा दाखला ठरावीक देशापुरताच काढलेला असतो. कुवेतसाठी घेतलेला कागद ऑस्ट्रेलियाला दाखवता येत नाही.

दिवस जातात याला इथे फार महत्त्व आहे. आपल्याकडे 'सरकारी काम आणि सहा महिने थांब' असे गमतीने म्हणतात. इथे ते सहा महिनेच नेमके नडतात. गेल्या दहा वर्षांत सलग सहा महिने किंवा अधिक काळ जिथे राहिलात त्या प्रत्येक देशाचा दाखला कॅनडा मागतो, आणि सध्या राहत असलेल्या देशाचा दाखला अर्जाच्या वेळी सहा महिन्यांपेक्षा जुना चालत नाही. ऑस्ट्रेलिया बारा महिने किंवा अधिक राहिलेल्या देशांचे दाखले मागते. ब्रिटनमध्ये आरोग्य, शिक्षण आणि समाजसेवेच्या कामांसाठी येणाऱ्यांना अशा दाखल्याची अट आहे, म्हणून आपल्या परिचारिकांना तो लागतोच. एक दाखला येईपर्यंत दुसरा शिळा होतो. कंपनी थांबत नाही, ती यादीतल्या पुढच्या माणसाला बोलावते. कागद उशिरा देणाऱ्याचे काही जात नाही. ज्याचा कागद त्याची मात्र नोकरी जाते, आणि त्या नोकरीच्या भरवशावर घेतलेले कर्ज मागे उरते.

शिवाय हे नियम ज्यांच्या हाती आहेत त्यांना खर्डी कुठे आहे हे ठाऊक असण्याचे कारण नाही. संयुक्त अरब अमिरातीने ४ फेब्रुवारी २०१८ पासून कामाच्या व्हिसासाठी चांगल्या वर्तणुकीचा दाखला सक्तीचा केला आणि दोन महिन्यांच्या आत भारतासह काही देशांसाठी ती सक्ती स्थगित केली. सौदी अरेबियाने ऑगस्ट २०२२ मध्ये भारतीय कामगारांना पीसीसी सक्तीचे केले. पासपोर्ट कार्यालयांपुढे रांगा लागल्या. टपाल कार्यालयांत अर्ज घेण्याची जी सोय वर सांगितली, ती या गर्दीच्या दिवसांतली. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीतल्या सौदी वकिलातीने भारतीयांना या अटीतून सूट दिली. रियाधमध्ये एक सही झाली की इकडे हजारो घरांत कपाटे उघडली जातात आणि दुसरी सही झाली की ती धावपळ फुकट जाते. या व्यवहारात आपल्या माणसाचा आवाज कोणी विचारत नाही.

आता जरा मागे जाऊन पाहू. 'हा माणूस चांगला आहे का?' हा प्रश्न गावाला नवा नाही. एके काळी त्याचे उत्तर पाटील देत असे. वतनी पाटीलकी गेली, पण १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमानुसार नेमलेला पोलीस पाटील आजही गावोगाव आहे आणि पडताळणीला आलेला हवालदार पुष्कळदा पहिल्यांदा त्याच्याकडेच जातो. पोलीस पाटलाला मुलगा ठाऊक असतो, त्याचा बाप ठाऊक असतो, कोणत्या साली कोणाच्या बांधावरून भांडण झाले होते हेही ठाऊक असते. हे ज्ञान मोठे आहे. पण त्यालाही दुसरी बाजू आहेच. ज्याचे गावाशी पटत नाही, जो वाडीवस्तीत टोकाला राहतो, ज्याच्या घराला क्रमांक नाही, त्याच्याबद्दल गाव कसे बोलेल? शहरात तर उलटीच तऱ्हा. तिथे भाडेकरूला शेजारीच ओळखत नाही. दोन शेजाऱ्यांच्या सह्या आणायला सांगितल्या की वर्षभर ज्याच्याशी बोललो नाही त्याचे दार वाजवावे लागते.

माणसाच्या चांगुलपणाची नोंदवही ठेवण्याचा हा उद्योग आपल्या देशात एकदा फार भयानक थराला गेला होता, हे विसरून चालणार नाही. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ मध्ये तो साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानला लागू केला. महाराष्ट्रातल्या पारधी, कैकाडी, भामटा अशा कितीतरी जमाती त्याखाली आल्या. जन्माला आलेले मूल त्या वहीत गुन्हेगार म्हणूनच येत असे. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड माणसे राहिली, हजेरी देत राहिली आणि परगावी जायचे तर पास मागत राहिली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा गेला. लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'ला १९८८ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हा मध्यमवर्गीय वाचकाला कळले की कायदा गेला तरी पोलिसांची नजर गेलेली नाही. अगदी ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला सुकन्या शांता खटल्यात सांगावे लागले की तुरुंगाच्या वह्यांतला जातीचा रकाना काढून टाका आणि विमुक्त जमातींच्या माणसांना मनमानी अटक करू नका. याच जमातीतला एखादा शिकलेला मुलगा उद्या परदेशी निघेल तेव्हा हवालदाराच्या हातातल्या कागदावर त्याची स्वतःची नोंद असेल की त्याच्या आडनावाची? हा प्रश्न अजून जुना झालेला नाही.

म्हणून या कागदाला 'चारित्र्याचा दाखला' म्हणण्यातच मोठी चूक आहे, असे आम्हाला वाटते. चारित्र्य ही फार मोठी वस्तू आहे. ती पोलीस ठाण्याच्या वहीत मावत नाही. बायकोला मारणारा, आईबापांना उपाशी ठेवणारा, मजुरी बुडवणारा माणूस कधी वहीत आला नसेल तर त्याचा दाखला स्वच्छ येतो. रास्ता रोकोत पाण्यासाठी पुढे बसलेल्या पोराचे नाव मात्र वहीत सापडते. समृद्धी महामार्गासाठी जमिनी घेतल्या जात असताना २०१६-१७ मध्ये शहापूर तालुक्यातही शेतकऱ्यांनी विरोध केला होता. आंदोलन म्हटले की गर्दी आली, गर्दी म्हटली की कलमे आली. राजकीय आणि सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घेण्याचे निर्णय राज्य सरकारने वेळोवेळी घेतले आहेत. पण खटला मागे घेतल्याचा कागद न्यायालयातून पोलीस ठाण्यापर्यंत पोचून तिथली नोंद बंद झाली का, हे पाहायला कोण जातो? दहा वर्षांनी मुलगा परदेशातून अर्ज करतो तेव्हा ती जुनी ओळ डोके वर काढते.

कायद्याची भूमिका या बाबतीत तशी नागरिकाच्या बाजूची आहे. परदेशी जाण्याचा हक्क हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये सतवंतसिंग साहनी खटल्यात सांगितले. पासपोर्ट देणे न देणे तोवर सरकारच्या मर्जीवर होते. त्या निकालामुळेच त्याच वर्षी पासपोर्टचा कायदा करावा लागला. जानेवारी १९७८ मध्ये मनेका गांधी खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेले आणि हा हक्क काढून घ्यायचा तर रीत न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे, माणसाचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे, असे बजावले. फौजदारी खटला चालू असलेल्यालाही न्यायालयाच्या परवानगीने ठरावीक मुदतीचा पासपोर्ट मिळू शकतो, अशी २५ ऑगस्ट १९९३ ची अधिसूचना आहे. तक्रार नोंदली जाणे, न्यायालयात खटला उभा राहणे आणि गुन्हा शाबीत होणे या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हे कायदा जाणतो. अहवालावर शेरा लिहिणाऱ्या हातानेही ते जाणले पाहिजे.

आणि गुन्हा शाबीत झाला तरी तो जन्मभर कपाळावर वागवायचा का? अल्पवयात हातून घडलेल्या चुकीची नोंद ठरावीक काळाने नष्ट करावी आणि ती पुढे अपात्रतेचे कारण होऊ नये, असे आपला २०१५ चा बालन्याय कायदा म्हणतो. ब्रिटनने १९७४ मध्येच असा कायदा केला की बऱ्याचशा शिक्षांनंतर ठरावीक वर्षे सरळपणे वागलेल्या माणसाची जुनी शिक्षा बहुतेक कामांसाठी संपली असे समजावे. प्रौढ माणसासाठी अशी सरसकट व्यवस्था आपल्याकडे नाही. वाल्याचा वाल्मीकी झाल्याची कथा आपण मुलांना सांगतो, पण वाल्मीकी पासपोर्ट कार्यालयात गेला असता तर वहीत तो वाल्याच राहिला असता.

मग करायचे काय? घरच्यांनी करण्यासारखे पुष्कळ आहे. पासपोर्टवरचा पत्ता आणि राहता पत्ता एक ठेवावा; घर बदलले तर पासपोर्टही बदलून घ्यावा. घराला कुलूप असेल तर शेजारी किंवा भाऊबंद यांच्याकडे पासपोर्टची, नोकरीच्या पत्राची आणि परदेशातल्या ओळखपत्राची प्रत ठेवावी, म्हणजे मुलगा कुठे आहे याचे उत्तर हवालदाराला दारातच मिळेल. कोर्टाची पायरी कधी चढावी लागली असेल तर निकालाची प्रमाणित प्रत जपून ठेवावी. सुटका झाल्याचा कागद घराच्या सातबाऱ्याइतकाच मोलाचा आहे. परदेशातला देश सोडताना तिथल्या पोलिसांचा दाखला घेऊनच विमानात बसावे, कारण एकदा तिथून निघाल्यावर तो मिळवणे म्हणजे बोटांचे ठसे, वकिलाती आणि कुरिअर यांचा नवा फेरा. आणि हेही ध्यानात ठेवावे की दाखल्याचे शुल्क अर्जासोबतच भरलेले असते. दारात आलेल्या पोलिसाला पाणी द्यावे, चहा द्यावा. पाकीट देण्याचे कारण नाही.

पण सगळा भार अर्जदारावर टाकून सरकारला मोकळे होता येणार नाही. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने ठरावीक मुदतीत सेवा मिळणे हा महाराष्ट्रातल्या नागरिकाचा हक्क ठरवला आहे. पोलीस ठाणी संगणकाच्या जाळ्याने जोडली गेली आहेत. मग एखाद्या नावावर नोंद आहे की नाही हे पाहायला घरी जाऊन कुलूप मोजण्याची गरज किती, याचा विचार व्हायला हवा. 'आढळून आला नाही' एवढ्यावर अहवाल प्रतिकूल धरण्याआधी अर्जदाराला एक फोन गेला पाहिजे. शेरा काय आणि का, हे त्याला त्याच्या भाषेत कळले पाहिजे आणि खुलासा करायला मुदत मिळाली पाहिजे. न्यायालयात संपलेला खटला ठाण्याच्या वहीतही आपोआप संपला पाहिजे. यासाठी नवा कायदा लागत नाही. आहे ते काम वेळेवर आणि खरे करण्याची शिस्त लागते. नागरिक राज्याकडे स्तुतिपत्र मागत नाही. वहीत जे आहे तेच, कमी नाही आणि जास्त नाही, वेळेवर सांगा, एवढेच तो मागतो.

खर्डीच्या त्या घराच्या ओट्यावर हवालदार बसला आहे अशी कल्पना करा. आई आतून कागदांची पिशवी घेऊन येते. तिला पीसीसी म्हणजे काय हे नीट ठाऊक नाही. 'साहेब, पोरगा चांगला आहे हो,' एवढेच ती पुन्हा पुन्हा सांगते. तिची ही साक्ष कोणत्याही रकान्यात बसणारी नाही, आणि हवालदारालाही ते माहीत आहे. त्याने ती लिहून घेऊ नये, पण कुलूपबंद घराचा शेरा मारण्याआधी आठवावी. समोर ओट्यावर जमलेल्या शेजाऱ्यांना त्याने जाता जाता मोठ्याने सांगावे की काळजीचे काही नाही, मुलाचे चांगलेच होणार आहे. पोलीस चांगल्या कामासाठीही घरी येतो, ही समजूत रुजायला तेवढेही पुरेल.